शेऱ्याचा रकाना

पाटाला पाणी सुटायच्या आदल्या दिवशी घरातल्या मोठ्या भावाने गाईला खुंट्याला बांधून मारलं. गाईचा गुन्हा एवढाच, की दावं तोडून ती मक्यात शिरली आणि चार ताटं खाऊन आली. ताटं तरी कसली. उन्हाने पानांच्या सुरळ्या झालेल्या, खालची तीन-तीन पानं वाळून कागद झालेली. पण तुरे बाहेर पडले होते. मक्याला तुरा आला की त्या आठवड्यात पाणी लागतंच. नाही मिळालं तर कणसं धरतात, पण सोलून बघावं तर बोळक्या तोंडासारखी, इथे एक दाणा, तिथे नुसती हिरडी. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आभाळावर काही माणसाचा हात पोचत नाही, म्हणून तो गाईवर पोचला.

काठी मोडली तेव्हा त्याने दाव्याचं टोक घेतलं. त्याची आई ओट्यावर धान्य निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मार, अजून मार. दूध आटलं की पाणी पिऊन राहू. ते तरी कुठे आहे म्हणा."

मोठा थांबला. गाईच्या बरगड्यांवर वळ उठले होते आणि तिची कातडी माश्या बसल्यासारखी थरथरत होती.

मागच्या खोलीत त्याची बायको दहा महिन्यांच्या पोरीला अंगावर घेऊन आडवी झाली होती. बाहेर फटका बसला की पोर दचके, आणि दचकली की तिचे दोन नवे दात आईला लागत. आई ओठ दाबून छताकडे बघे आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राही. तिला घरात सगळे मास्तरीण म्हणत. शाळेची शेवटची इयत्ता पास झालेली ती घरातली एकटी. औषधाच्या बाटलीवरचं, खताच्या पोत्यावरचं, सरकारी कागदावरचं सगळं वाचणं तिच्याकडे. लग्नानंतर धाकट्या दिराने आधी चिडवायला म्हणून हे नाव ठेवलं; मग खरं नाव सगळेच विसरले. शाळा सोडलेली मास्तरीण, असं ती स्वतःच म्हणायची.

मोबाइलही म्हणूनच तिच्याकडे असे. घरात दोन फोन होते. एक बटणांचा, तो दोघा भावांच्या खिशात फिरायचा. दुसऱ्यात इंटरनेट होतं, पण त्याची काच उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत तडकलेली. मागच्या पाळीला पाणी अपुरं मिळालं तेव्हा धाकट्याने तो भिंतीवर मारला होता. मोबाइल जगला, कड तेवढी गेली.

आधीच्या वर्षापर्यंत पाण्याची यादी पाटाच्या चौकीत फळ्यावर लिहिलेली असायची. पाटकरी म्हणजे पाटाची दारं उघडणारा सरकारी माणूस, तो खडूने लिहायचा. लोक फळ्यासमोर उभे राहून भांडायचे, आयाबहिणी काढायचे, कधी गचांडी धरायचे. पण जे काय व्हायचं ते एकमेकांच्या तोंडासमोर. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारचा वाचून दाखवायचा, शिव्या देत का होईना. या वर्षी फळा गेला. कचेरीने सगळं वेबसाइटवर टाकलं. कोणी विचारायला गेलं की पाटकरी दोन्ही हात झटकायचा. "मला कशाला विचारता? तुमच्याच खिशात आहे की."

खिशात होतं, पण बाहेर काढताना जीव जायचा. रेंज घरात फक्त मागच्या खिडकीपाशी यायची. त्या खिडकीखालीच पोरीला पाजायला मास्तरीण कुशीवर निजायची. दिवसभरातला तेवढाच वेळ तिचा. एक हात पोरीच्या डोक्याखाली, दुसऱ्यात मोबाइल. पण ती आडवी झाली की पडद्यावरचं पानही आडवं व्हायचं, मान तिरकी करून वाचायला जावं तर हात हलून पान पुन्हा उभं, अशी झटापट. शेवटी तिने धाकट्याला सांगून ते फिरणंच बंद करून घेतलं होतं. आता आई आडवी असली तरी पान उभंच राहायचं. घरात सगळ्यांत शहाणा हा मोबाइलच, ती म्हणायची, एकदा सांगितलं की ऐकतो.

त्या दुपारी तिने पाटाचं पान उघडलं. आधी वेड्यावाकड्या आकड्यांचं चित्र आलं, हे ओळखून लिहा म्हणून. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा यादी आली, अक्षरं खसखशीएवढी. दोन बोटांनी ताणावं तर मथळे निसटून जायचे, कोणता रकाना कशाचा ते कळेना. मथळे बघायला वर जावं तर आपला नंबर हरवायचा. तेवढ्यात पोरीने लाथ मारली आणि पान सुरुवातीला गेलं, पुन्हा आकड्यांचं चित्र. बाहेर मोठा ओरडला, "मिळालं का नाही? का पोथी वाचतेस?"

मिळालं. पाच रकाने होते. नंबर, खातेदार, क्षेत्र, केव्हापासून, केव्हापर्यंत. सहा नंबर गवंडी, उद्या सकाळी सहा ते बारा. सात नंबर आपण, बारा ते सहा. कडेला, काच तडकली होती तिथे, एक जाड रेघ आणि पलीकडे अक्षराचा पोपडा उडाल्यासारखं काहीतरी दिसत होतं. तिने अंगठ्याने पुसलं. काचेची कड अंगठ्याला लागली, बारीक रक्त आलं. तिने अंगठा तोंडात घातला, मोबाइल उशीखाली सारला आणि हाक दिली, "उद्या बारा ते सहा. आधी गवंडीकाका, मग आपण."

"तो आधी का?" धाकटा म्हणाला. "त्याचं रान काय वरून पडलंय?"

गवंड्याचं नाव निघालं की या घरात आवाज चढायचाच. त्याचं रान यांच्या रानाला लागून. दोघांचं पाणी पाटातून फुटलेल्या एकाच चारीवरून, शेवटी दोन दारं, डावं त्याचं, उजवं यांचं. आयुष्यभर भिंती बांधून गवंड्याच्या डोळ्यात ओळंबा बसला होता. वाकडं त्याला सहन होत नसे. तीन वर्षांपूर्वी त्याने मधल्या बांधावर दोरी ताणून दाखवलं, की बांध दीड हात त्याच्या रानात सरकलाय. सासऱ्यांनी खुंट्या उपटून त्याच दोरीने त्याला दोन वळ दिले आणि त्याने सासऱ्यांच्या कानफटात ठेवून दिली. सासरे पुढे वारले ते छातीच्या दुखण्याने, पण सासू अजून म्हणायची की तेव्हापासून त्यांचा कान गुणगुणत होता. गवंड्याची जीभ चुन्यासारखी, लागली की फोड आणणारी. तेव्हापासून दोन्ही घरं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच ऊन असं होतं, की कोंबडी सावलीतून सावलीत पळत होती. दोघा भावांनी फावड्यांच्या दांड्यांत पाचरी ठोकल्या. मोठ्याने पातं कानसीने घासलं, पाण्याच्या कामाला कशाला लागतं कोण जाणे. साडेअकराला ते मोटरसायकलवर निघाले. पुढे मोठा, मागे धाकटा, मधे मास्तरीण, मांडीवर आडवी दोन फावडी. पोरीला सासूजवळ ठेवलं होतं. पोर दारातून हात पसरून रडली, आणि तो आवाज वळणापर्यंत आईच्या छातीत ओढत राहिला.

वाटेत मोठा म्हणाला, की आज एक थेंब इकडेतिकडे होऊ देणार नाही. धाकटा म्हणाला, बारा वाजून एक मिनिट झाला तरी गवंड्याला चारीत बुडवतो. दोघे हसले. तीही हसली.

चारीच्या टोकाला पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. पाणी डाव्या दारातून गवंड्याच्या रानात वाहत होतं. उजवं दार, म्हणजे लोखंडी पत्रा, खाली पाडलेलं आणि वरून चिखल थापून बंद केलेलं. गवंडी बांधावर उभा राहून बाटलीतलं पाणी पीत होता. मांड्यांपर्यंत चिखल, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, पाय अनवाणी. साठीच्या माणसाने सहा तास फावडं चालवल्यावर जसा श्वास लागतो तसा त्याला लागला होता. फावडं मागे बांधात रोवलेलं.

मोठ्याने मोटरसायकल लावली. काका, बारा वाजले, दार फिरवा, असं तो जरा नीटच म्हणाला.

"बारा वाजले म्हणूनच फिरवलं," गवंडी म्हणाला. "तुमचं झालं. आता माझं."

"आमचं कधी झालं?"

"सकाळी सहाला कुठे होतात? जावयासारखं आमंत्रण द्यायचं होतं का?"

मोठ्याने सांगितलं, की मोबाइलमध्ये त्यांची पाळी बारा ते सहा आहे, स्वतःच्या बायकोने वाचलंय.

"मग मोबाइलमध्येच पाणी धरा," गवंडी म्हणाला. "धरा की. बायको शिकलेली आहे."

मास्तरणीने खिशातून मोबाइल काढला होता. तिचा हात तसाच राहिला. धाकटा सरळ उजव्या दाराकडे गेला, चिखल पायाने उडवला आणि पत्रा उचलायला लागला. गवंड्याने बाटली टाकली, त्याला खांद्याने ढकललं. धाकटा चारीत आडवा पडला आणि तोंडातून चिखल थुंकत उठला.

"हात लावायचा नाही," गवंडी धापा टाकत म्हणाला. "आधी आपलं रान बघून या, मग तोंड उघडा."

याच बोलण्याने मोठ्याचं डोकं फिरलं. रान बघून या. गावात येता-जाता सगळे हेच सुनावत होते, रान बघितलंस का, मका बघितलास का, गाईला तरी घालून टाक. वाळलेल्या पानांचा आवाज तो झोपेतही ऐकत होता. त्याने फावडं उचललं आणि आडवं गवंड्याच्या खांद्यावर हाणलं.

गवंडी पडला नाही. त्याने दोन्ही हातांनी पत्र्याची वरची कड धरली आणि तो पाडून ठेवला. धाकट्याने मागून त्याच्या गळ्यात हात घातला. ओढाताणीत तिघांचे पाय चिखलात घसरत होते आणि तोंडातून शब्द येत नव्हते, नुसते बैलासारखे श्वास. सोड, मोठा म्हणाला. गवंडी सोडेना. सोड म्हणतो ना. मग त्याने फावडं उभं धरलं, सकाळी कानस लावलेलं, आणि त्याच्या उजव्या हातावर मारलं.

आवाज ओलं लाकूड फोडल्यासारखा आला. गवंड्याने हात समोर आणला, त्याच्याकडे बघितलं. बोटं होती, पण भलत्या दिशेला. तो ओरडला नाही. म्हणाला, "अरे," इतकंच, एखादी वीट हातातून सुटावी तसं. मोठ्याने पुन्हा फावडं उचललं. मास्तरीण धावली, तिने दांडा धरला, तर त्याच्या कोपराचा फटका तिच्या छातीवर बसला आणि ती बसकण मारून खाली आली. दूध फुटून कपडे ओले झाले. दुसरा घाव गवंड्याच्या कानाच्या वर पडला. तेव्हा तो आडवा झाला, अर्धा बांधावर, अर्धा पाण्यात, आणि त्याच्या रानात जाणारं पाणी काही वेळ तांबूस गेलं.

आजूबाजूच्या रानांतली माणसं धावत आली. चौकीवरून पाटकरी आला, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला, पळताना तो छातीवर आपटत होता. कोणीतरी गवंड्याच्या डोक्याला फडकं दाबलं, कोणी टेम्पो आणायला गेलं. मोठा फावडं धरून तसाच उभा होता आणि एकच बोलत होता, की पाळी त्याची आहे, लिहिलेलं आहे. त्याने मास्तरणीच्या हातून मोबाइल ओढून पाटकऱ्याच्या तोंडासमोर धरला. काल उघडलेलं पान तिथे अजून होतं. "वाच. सात नंबर. बारा ते सहा."

पाटकऱ्याने चष्मा लावला, वाचलं, आणि मोबाइल आडवा केला. पान उभंच राहिलं. त्याने वरून बोट ओढलं, एका खुणेवर दाबलं, पुन्हा आडवा केला. पान वळलं आणि रुंद झालं. पाचव्या रकान्याच्या पलीकडे सहावा होता. मथळा शेरा.

पाटकऱ्याने शाळेतल्या पोरासारखं मोठ्याने वाचलं. "दार दुरुस्तीमुळे क्रम उलटा. आधी सात, मग सहा." मग तो हळू म्हणाला, "आडवा धरायचा असतो हो. नाहीतर शेरा दिसत नाही. हा गवंडी काल कचेरीत जाऊन मोठ्या पडद्यावर बघून आला."

मग मोठा वळला आणि त्याने बायकोच्या थोबाडीत मारली, चिखलाच्या हाताने, सगळ्यांसमोर. तिच्या गालावर पाचही बोटं मातीत उमटली. "मास्तरीण," तो म्हणाला. धाकटा खाली बघत होता. पान उभं बांधून ठेवणारा तोच, हे तो बोलला नाही, तीही बोलली नाही.

टेम्पो आला. गवंड्याला फळीवर घालून चढवलं. त्याची बायको, गवंडीण, वस्तीवरून धावत आली होती. ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि तिने कोणाकडेही बघितलं नाही. पाटकऱ्याने भावांना सांगितलं, की शिपाई शोधत येण्याआधी आपल्या पायाने ठाण्यात जाऊन बसा, तेवढीच अक्कल दिसेल. दोघे मोटरसायकलवर गेले. माणसं टेम्पोमागे गेली, कोणी बघायला, कोणी सांगायला. पाटकरी वरच्या दारांकडे गेला. मोबाइल त्याने जाताना मास्तरणीच्या हातात दिला होता.

ती एकटीच उरली. तोंड धुवावं म्हणून चारीत हात घातला आणि पाणी बघून काढून घेतला. स्वच्छ पाणी कुठे असेल म्हणून ती आपल्या दाराच्या पलीकडे, गाडीवाट ओलांडून, वाटेखालून पाणी नेणाऱ्या मोरीच्या तोंडापाशी उतरली. चारीच्या टोकावरून हे रान दिसत नाही. मध्ये वाटेचा उंच भराव आहे; दोन्ही रानांचा बांध लागतो तो खाली, पार टोकाला. ती भराव उतरली आणि तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला.

आधी तिला कळलंच नाही. दोन महिने या मातीत पाय आपटायचा, रुतायचा नाही. तिने दुसरा पाय टाकला. तोही गेला. मक्याच्या पहिल्या सरीत पाणी चमकत होतं. दुसरीत पाणी जिरून माती काळी झालेली. ती आत शिरली, तिसरी, दहावी, विसावी. पानं तिच्या गालाला घासत होती आणि त्यांचा आवाज कालच्यासारखा कागदी नव्हता. रान शेवटच्या बांधापर्यंत भिजलेलं होतं. एकही सरी फुटलेली नाही, एकही कोरडी नाही. प्रत्येक सरीचं तोंड मातीने बंद केलेलं, आणि त्या मातीवर फावड्याच्या पाठीने तीन-तीन थापट्या मारून ती गुळगुळीत केलेली, भिंतीला गिलावा करावा तशी.

असं काम या रानात कोणी कधी केलं नव्हतं. मोठा लाथेने सरी बंद करायचा. हा गवंड्याचा हात होता.

सहाला पाणी आलं असेल. यांच्याकडचं कोणी नाही. पाणी नाल्याला चाललेलं. तो स्वतःच्या रानात फिरवून घेता तर कोणाला कळलं असतं? यांची पाळी यांनी चुकवली, एवढंच म्हणाले असते सगळे. बांधावर, मक्याच्या सावलीत, त्याच्या रबरी चपला होत्या. शेजारी-शेजारी, पंजे सरळ रेषेत. बाराला पाणी आपल्या बाजूला फिरवायला तो घाईत अनवाणीच गेला असणार.

आधी आपलं रान बघून या.

ती चपलांजवळ उकिडवी बसली. मग तिला पलीकडून आवाज आला, पाणी कडेवरून पडल्याचा. गवंड्याच्या रानात दार उघडं होतं आणि सरी बदलायला माणूस नव्हता. भरलेल्या सऱ्या फुटत होत्या.

तिने चपला उचलल्या आणि पळत गेली. बांधात रोवलेलं गवंड्याचं फावडं उपसलं. आपल्या नवऱ्याचं फावडं तिथेच पडलं होतं, त्याला तिने हात लावला नाही. फुटलेल्या सरीत उभी राहून तिने आधी भगदाड बुजवलं, मग पुढच्या सरीचं तोंड कापलं, मागचं बंद केलं. ऊन डोक्यावर. दर सरीला चार खोरी इकडे, चार तिकडे, मग पाणी पोचेपर्यंत थांबायचं, पुन्हा चार. छाती दगडासारखी झाली होती. कोपर लागलं होतं तिथे काळं पडत होतं आणि दर वाकण्याला दूध आपोआप गळत होतं. घरी पोर भुकेने ओरडत असेल हे तिला अंगातूनच कळत होतं. सासू साखरेचं पाणी बोटाने चाटवत असेल. एक सरी, अजून एक. ती सऱ्या मोजत नव्हती, पाण्याच्या पुढे राहायचं तेवढंच बघत होती.

चारच्या सुमाराला मोबाइल वाजला. बटणांच्या फोनवरून मोठा होता. ठाण्याच्या बाहेर बसवून ठेवलंय म्हणाला, उद्या सकाळी तिलाही विचारायला बोलावतील. आवाज खाली आणून म्हणाला, "सांग, फावडं आधी त्यानं उचललं."

"त्यांच्या हातात फावडं नव्हतं."

"तू सांग. धाकट्याला त्यानं ढकललंच होतं. तू फक्त एवढं सांग."

पाणी सरीच्या टोकाला पोचलं होतं. तिने खांद्याने मोबाइल कानाला दाबला आणि माती ओढली. "अहो, आपलं रान भिजलंय."

"काय?"

"सकाळी काकांनी पाणी धरलं. आपल्या रानात. शेवटच्या सरीपर्यंत."

पलीकडून त्याचा श्वास ऐकू आला, दुपारी चिखलात येत होता तसा.

"तरी तेच सांग," तो म्हणाला.

तिने मोबाइल बांधावर चपलांशेजारी ठेवला. तो पुन्हा वाजला, वाजून थांबला.

पाचनंतर गवंडीण आली. टेम्पोवाल्याने तिला वाटेवर सोडलं होतं. कपड्यांवर नवऱ्याचं रक्त वाळून पापुद्रे झाले होते. तिने लांबूनच बघितलं, आपल्या रानात त्या घरची सून फावडं घेऊन उभी. ती ओरडली नाही. बांधावरची खुंटी उपटली, दोरी ताणायला नवऱ्याने नंतर पुन्हा ठोकलेली, आणि चालत येऊन तिच्या पाठीवर घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मानेवर. मास्तरीण गुडघ्यावर आली, फावड्याच्या दांड्याला धरून राहिली. वर हात केला नाही.

"हेही न्या," गवंडीण म्हणाली. "रक्त नेलंत, पाणीही न्या."

खुंटी चौथ्यांदा वर गेली आणि तशीच राहिली. तिची नजर बांधावर गेली होती.

"या चपला कुठे होत्या?"

"आमच्या रानात," मास्तरीण म्हणाली. "बांधावर."

गवंडीण खुंटी धरून उभी राहिली. तिने भरावाकडे बघितलं, मग आपल्या सऱ्यांकडे. एका कडेपासून जवळजवळ दुसऱ्या कडेपर्यंत सगळ्या भरलेल्या, तोंडं बंद केलेली, ओबडधोबड पण बंद.

"चहा न घेता आला सकाळी," ती म्हणाली. "म्हटलं, पाळी दुपारची, एवढ्या पहाटे कुठे? म्हणाला, पाणी बघून येतो." मग म्हणाली, "शुद्धीवर आहे. उजव्या हाताची चार बोटं काढणार उद्या."

मास्तरीण उठायला लागली, पाठ सरळ होईना. गवंडिणीने मदत केली नाही. ती सरळ शेवटच्या बाजूला गेली आणि तिथून म्हणाली, की कडेच्या दोन सऱ्यांत पाणी चढत नाही, आधी मध्ये अडवावं लागतं, हे त्या घरात शिकवलेलं दिसत नाही. मास्तरीण फावडं घेऊन गेली. तिने माती ओढली, गवंडिणीने पायाने दाबली. पाणी थांबलं, फुगलं, आणि हळूहळू कडेला चढलं. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. वर चारीवर पाटकऱ्याची शिट्टी झाली, सहा वाजायला आले होते.

"उद्या विचारतील तुला," गवंडीण पाण्याकडे बघतच म्हणाली. "काय सांगशील?"

मास्तरणीच्या छातीवरचं दूध वाळून कपडा कडक झाला होता. बांधावर मोबाइल पुन्हा वाजायला लागला. तिने तो उचलला नाही.

"त्यांच्या हातात बाटली होती," ती म्हणाली. "पाण्याची."

गवंडिणीने तिच्या हातून फावडं घेतलं. शेवटच्या सरीचं तोंड तिने चार खोऱ्यांत बंद केलं, फावडं उलटं केलं आणि ओल्या मातीवर त्याच्या पाठीने तीन थापट्या मारल्या.

"जा," ती म्हणाली. "पोर भुकेली असेल."